उर्मिलाबाईंनी कॅमेरा उतरवला

उर्मिला केळुसकरांना कुणी 'आजी' म्हटलेलं चालत नसे. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या भाजीवाल्यापासून बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीपर्यंत सगळ्यांना त्यांचं एकेकदा ऐकवून झालं होतं, "मला नातवंडं आहेत, पण ती दोनच आहेत. तुम्ही त्यात नाही." वय त्र्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि आवाज असा, की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन ईश्वर खुर्चीतून उठून उभा राही.

या आवाजावरच त्यांनी अडतीस वर्षं नोकरी केली होती. विसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या, त्या रिटायर होईपर्यंत तिथेच. ट्रंक कॉलच्या काळात नाशिक, नागपूर, रत्नागिरी जोडून देता देता त्यांना माणसाचा 'हॅलो' ऐकून घरात आनंद आहे की रडारड, ते कळायला लागलं होतं. पण ते त्या कधी कुणाला बोलून दाखवत नसत.

अठ्ठ्याऐंशी साली नवरा शशिकांत आणि आठ वर्षांचा कौस्तुभ यांना घेऊन त्या परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून मीरा रोडला आल्या. तेव्हा इथे चिखल, मच्छर आणि अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगा. फ्लॅटमध्ये तीन नळ होते आणि तिन्ही कोरडे. बिल्डर म्हणायचा, पुढच्या महिन्यात पाणी येईल. असे पाच महिने गेल्यावर उर्मिलाबाईंनी रजा टाकली आणि बिल्डिंगमधल्या अकरा बायकांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. प्रत्येकीच्या पुढ्यात एक रिकामी कळशी. फ्लॅट बघायला येणारं गिऱ्हाईक दारातूनच परत जायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बिल्डर हात जोडून बाहेर आला आणि त्या आठवड्यात पंप बसला. शशिकांतराव पोस्टात होते, भिडस्त माणूस. ते एवढंच म्हणाले, "उर्मिला, आपल्याला इथेच राहायचंय गं." त्या म्हणाल्या, "म्हणूनच बसले."

त्या अकरा बायकांत एक होती दुसऱ्या मजल्यावरची हंसाबेन. कच्छकडची, गोरी, जाडजूड, हसताना सगळी हलणारी. ती गुजराती बोलायची, या मराठी, आणि दोघींमध्ये जी हिंदी तयार झाली ती दोघींच्याही घरात कुणाला धड कळत नसे. सदतीस वर्षं, आधी यांच्या सुट्टीच्या दिवशी आणि रिटायर झाल्यावर रोज, दुपारी साडेतीनला हंसाबेन वर चहाला यायची. तिचा नीरज आणि कौस्तुभ एकत्र वाढले, एकाच शाळेत गेले. पुढे कौस्तुभ पुण्याला स्थायिक झाला, नीरज आईजवळच राहिला.

चार वर्षांपूर्वी शशिकांतराव गेले. उर्मिलाबाई भाजी आणायला उतरल्या होत्या, अर्ध्या तासाने परत आल्या तर ते हॉलमध्ये पडलेले. डॉक्टर म्हणाले, जवळ कुणी असतं तरी फरक पडला नसता. पण अशी वाक्यं ऐकायची असतात, पटतातच असं नाही. कौस्तुभला तर मुळीच पटलं नाही. दिवसकार्य उरकल्यावर तो म्हणाला, "आई, पुण्याला चल." त्या म्हणाल्या, "नाही." दर सहा महिन्यांनी तो विचारायचा आणि दर सहा महिन्यांनी हेच उत्तर मिळायचं.

मग गेल्या जानेवारीत त्या बाथरूममध्ये घसरल्या. डावं मनगट मोडलं. त्या स्वतःच उठल्या, उजव्या हाताने साडी नेसल्या, खाली उतरून रिक्षा केली, हाताला प्लास्टर घालून घरी आल्या, वरणभाताचा कुकर लावला आणि संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं. कौस्तुभ दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "सात तासांनी सांगतेस मला?" एवढंच तो बोलला, आणि आठ दिवस राहून जाताना हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या वर, मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसवून गेला. सोफा, दार, स्वयंपाकघराचा उंबरा, सगळं त्यात दिसायचं. सून निशिगंधाने त्याला स्पीकरवरच्या फोनवर विचारलं होतं, "आईंना विचारलंस का?" तो म्हणाला, "विचारलं की नाही म्हणते." हे उर्मिलाबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. हात प्लास्टरमध्ये होता, मुलाचा चेहरा उतरलेला होता. त्या गप्प बसल्या. आयुष्यात ज्या काही वेळा गप्प बसल्या, त्यातली ही एक.

कॅमेरा नुसता बघत नव्हता, बोलतही होता. एकदा पंखा पुसायला स्टुलावर चढल्या, तर कोपऱ्यातून आवाज आला, "आई, स्टूल." त्या इतक्या दचकल्या की पडायच्याच राहिल्या. एकदा दुपारी डोळा लागला, तर, "आई, आज जेवली नाहीस ना?" पुण्यात ऑफिसात बसून मुलगा आपली पानं मोजतोय, हे कळल्यावर त्या स्वयंपाकघरातच, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, उभ्याने जेवायला लागल्या. घरात गाऊनवर वावरायच्या, ते सोडलं. शशिकांतरावांच्या फोटोशी सकाळी दोन शब्द बोलायची सवय होती, तीही सुटली. फोटो सोफ्याच्या वर होता, बरोबर कॅमेऱ्यासमोर. आपल्याच घरात पाहुण्यासारखं अंग चोरून बसायची वेळ आलीय, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पण मुलगा घाबरलाय, त्याने बाप असा गमावलाय, म्हणून त्या स्वतःची समजूत काढत होत्या.

एप्रिलच्या एका शनिवारी हंसाबेन साडेतीनला आली आणि चहाला हात न लावता बसून राहिली. उर्मिलाबाई म्हणाल्या, "क्या हुआ?" हंसाबेनने त्यांचा हात धरला, स्वतःच्या पदराखाली नेला आणि छातीच्या कडेला टेकवला. तिथे सुपारीएवढी गाठ होती.

"कब से?"

"होली के टाइम से. नीरज को अभी नहीं बोलने का, उर्मिलाबेन. बहू को सातवां महिना चालू छे. पहले डॉक्टर को बोलने दो, पछी मैं खुद बोलेगी. मेरे मुंह से."

उर्मिलाबाईंनी एका शब्दानेही तिला रागे भरलं नाही. तिथेच सोफ्यावर बसून आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बुधवारची सकाळी अकराची वेळ घेतली. "बुधवारी मी तुझ्याबरोबर येतेय. नीरजला सांग, देवळात जातोय." तेव्हा कुठे हंसाबेन गार झालेला चहा प्यायली.

सोमवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला. मंगळवारी साडेतीनला हंसाबेन आली नाही. चार वाजले, साडेचार वाजले. उर्मिलाबाई जिना उतरून खाली गेल्या. दार नीरजने उघडलं. डोळे लाल.

"आंटी, या. थँक यू आंटी. कौस्तुभने मला फोन केला नसता तर मम्मीने लपवूनच ठेवलं असतं. आम्ही लगेच मोठ्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतलीय, उद्याची."

"कौस्तुभने?"

"हो ना. तुम्ही त्याला सांगितलंत म्हणून."

आत पलंगावर हंसाबेन भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाजूला सून पोटावर हात ठेवून रडत होती. ज्या रडण्याला हंसाबेन भीत होती, तेच नेमकं चाललं होतं.

"मी नाही सांगितलं, हंसाबेन."

हंसाबेनने मान वळवली नाही. "तुम, मैं, और कोई नहीं था. तो फिर दीवार ने बोला?"

उर्मिलाबाईंना शोकेसवरचा कॅमेरा आठवला. खरंच भिंतीनेच सांगितलं होतं, आणि ती भिंत त्यांच्या घरातली होती.

त्या वर आल्या, दार लावलं, स्वयंपाकघरातून स्टूल आणून शोकेसपाशी ठेवलं आणि चढल्या. डाव्या मनगटात अजून जोर नव्हता. कोपऱ्यातून आवाज आलाच.

"आई, काय करतेयस? स्टुलावरून उतर. आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. त्यांचं तोंड कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं. "शनिवारी तूही ऐकलंस. आता पुरे झालं." आणि त्यांनी वायर ओढून काढली. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन पट्टीही सोडवली, सगळं एका टॉवेलात गुंडाळलं आणि स्टुलावरून सावकाश, एक पाय, मग दुसरा पाय, उतरल्या.

मिनिटभरात फोन वाजला.

"आई, तू काय केलंस हे?"

"मी बरी आहे. उभी आहे, जेवलेय, पडलेली नाही. बाकीचं फोनवर बोलणार नाही. बोलायचं असेल तर ये."

त्यानंतर ईश्वर वर आला, साहेबांनी बघायला सांगितलंय म्हणून. त्याला त्यांनी पाणी दिलं. "माताजी, साहब बहुत टेन्शन में हैं." त्या म्हणाल्या, "रहने दो थोड़ा."

बुधवारी सकाळी त्यांनी खिडकीतून पाहिलं. नीरज गाडीचं दार उघडून उभा होता, सून पुढे बसली होती आणि हंसाबेन मान खाली घालून मागच्या सीटवर बसत होती. तिच्या बाजूची जागा रिकामी होती. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत उर्मिलाबाई खिडकीतून हलल्या नाहीत.

कौस्तुभ गुरुवारी सकाळी आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याची नजर शोकेसच्या वर गेली. भिंतीला दोन भोकं आणि चुन्याचा पांढरा डाग. त्यांनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. त्याने बशी सरकवली.

"मी चांगल्यासाठीच केलं, आई. त्यांना कॅन्सर असू शकतो. तुम्ही दोघी लपवत बसणार होतात?"

"आम्ही दोघी बुधवारी डॉक्टरकडे जाणार होतो. याच सोफ्यावर बसून मी वेळ घेतली. तेवढं ऐकू आलं नाही तुला?"

तो हळूच म्हणाला, "मीटिंग सुरू झाली होती. मी तेवढंच ऐकलं."

"हे बघ," उर्मिलाबाई समोर बसल्या. "तुला एक सांगते, जे तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते. कॉल जोडून दिला की ऑपरेटरने आपल्या बाजूची की, म्हणजे खटका, बंद करायची, मग पुढचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. पहिल्याच दिवशी शिकवायचे. एकदा नाशिकचा कॉल लागला. आमच्या परळच्या नाक्यावरच्या शिंप्याचा. ओळखीचा आवाज, म्हणून मी की बंद केली नाही. पलीकडून डॉक्टर सांगत होते, तुमची बायको महिना काढणार नाही. दुसऱ्या दिवशी तो मला रस्त्यात भेटला. मी म्हटलं, वहिनींचं ऐकून वाईट वाटलं. चांगल्यासाठीच म्हटलं. त्याने घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. काही केलं नाही त्याने. पण पुन्हा मला बघितलं की तो रस्ता बदलायचा. मी एक चूक करून जे शिकले, ते तुला शिकवायचं राहूनच गेलं."

कौस्तुभने सरकवलेली बशी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाला, "बाबा इथेच पडले होते, आई. अर्धा तास. त्या दिवशी तुझे चार फोन आले आणि मी उचलले नाहीत. मला परत तसं नकोय."

उर्मिलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्या दिवशी मी मेथी आणायला गेले होते. भाजीवाल्याशी जुडीवरून हुज्जत घालत उभी राहिले दहा मिनिटं. चार वर्षं झाली, या घरात मेथी आलेली नाही. तुला काय वाटतं, तुला एकट्यालाच जाग येते पहाटे?"

तो मान खाली घालून रडला. त्यांनी रडू दिलं. पाठीवर हात ठेवला, पण मुद्दा सोडला नाही.

"मी पडेन कौस्तुभ. कधीतरी पडेनच. तू बघत असलास तरी पडेन. पण मी माझ्या घरात पडेन, कुणी बघतंय म्हणून साडी सावरत पडणार नाही. कळलं? मला म्हातारपण आलंय, मी पोलीस चौकीत बसलेली नाही."

मग त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा, तो आजच. घराची एक किल्ली शेजारच्यांकडे राहील. रोज सकाळी आठला त्या स्वतः फोन करतील. साडेआठपर्यंत आला नाही, तर त्याने ईश्वरला वर पाठवावं. कॅमेरा मात्र या घरात नाही, आज नाही, पुढेही नाही.

"आणि आता उठ. खाली जाऊन हंसामावशीला सांग, काय केलंस ते. तुझ्या तोंडाने."

"आई, मी आता काय सांगू त्यांना?"

"चांगल्यासाठी केलं, हेच सांग. बघू तिला पटतं का."

दोघं खाली गेले. हंसाबेन पलंगावर बसली होती. आदल्या दिवशी सुई घालून तपासणीसाठी तुकडा काढला होता, खांदा अवघडलेला. कौस्तुभ तिच्यासमोर उभा राहिला आणि कॅमेऱ्यापासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. उर्मिलाबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

हंसाबेनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कौस्तुभ, तू दसवीं में टेरेस पे टांकी के पीछे सिगरेट पीता था. तू और मेरा नीरज. मैं पापड़ सुखाने आती थी, मैंने चार बार देखा. तेरी मम्मी को आज तक बोला?"

पंचेचाळीस वर्षांच्या कौस्तुभचे कान लाल झाले. दारातल्या नीरजने चप्पल शोधायचं निमित्त काढलं. उर्मिलाबाईंना हे आजच कळत होतं.

"मैं तुम दोनों को दूसरे दिन पकड़ के बोली थी, छोड़ दो, नहीं तो मैं खुद मारूंगी. बोली थी कि नहीं? तुमको बोली. मम्मी को नहीं बोली. तू भी मेरे को बोल सकता था. फोन नंबर छे ने तेरे पास मेरा?"

"हो मावशी."

"तो बस." तिने तोंड फिरवलं. उर्मिलाबाईंकडे ती तेव्हाही बघत नव्हती. राग गेला नव्हता. 'तुझ्या घरात तुझ्या मुलाने डोळा लावलाय, हे मला सांगितलं का नाहीस,' असा तो राग होता, आणि तो खरा होता. उर्मिलाबाईंना कॅमेरा माहीत होता. शनिवारी हंसाबेनच्या हातात हात असताना त्यांना तो आठवला नव्हता, एवढंच. त्यांनी ते तसंच सांगितलं, लाजून नाही, लपवूनही नाही. "मेरी गलती है. मैंने चलने दिया."

रिपोर्ट वाईटच आला, पण लवकर कळल्यामुळे ऑपरेशन नीट झालं. मे महिन्यात गाठ काढली, मग केमो सुरू झाली. जूनमध्ये सुनेला मुलगी झाली. एवढ्या सगळ्यात उर्मिलाबाई रोज साडेतीनला खाली जाऊन, दारातूनच डबा देऊन येत होत्या. कधी पेज, कधी मुगाची खिचडी, मीठ कमी. डबा घासून परत यायचा, निरोप यायचा नाही. त्यांनी बेल दाबून घरात घुसायचा प्रयत्न केला नाही, आणि डबा थांबवलाही नाही. निशिगंधाने फोनवर विचारलं, "आई, तुम्ही किती दिवस असं करणार?" त्या म्हणाल्या, "मला कुठे ऑफिसला जायचंय?"

सत्तराव्या की एकाहत्तराव्या दिवशी दार हंसाबेननेच उघडलं. डोक्याला रुमाल, चेहरा अर्धा झालेला. म्हणाली, "ये नीरज मेरे रूम में कैमेरा लगाने को बोलता है. बच्ची का भी दिखेगा, मेरा भी दिखेगा, बोलता है."

"मग?"

"मैंने बोला, पहले तेरे बेडरूम में लगा, महिना चला के दिखा. फिर मेरे में लगाना." आणि ती हसली. पूर्वीसारखी सगळी हलत नव्हती, पण हसली. "अंदर आ. दरवाजे में क्या खड़ी है?"

सकाळी आठचा फोन आता चुकत नाही. कधी कधी कौस्तुभच सात पंचावन्नला करतो, तेव्हा त्या म्हणतात, "अजून पाच मिनिटं आहेत," आणि ठेवतात. बरोबर आठला स्वतः लावतात. पुण्यात निशिगंधा हसते, कौस्तुभला मात्र अजून त्या पाच मिनिटांत चैन पडत नाही.

परवा ए विंगमधले काशीनाथ परुळेकर गेटवर उर्मिलाबाईंची वाट बघत उभे होते. ऐंशीचे, शाळेतून रिटायर झालेले. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "केळुसकरबाई, तुम्ही तो काढून टाकलात म्हणे. आमच्याकडेही लावलाय मुलाने. कशी काढतात ती वायर?"

"वायर काढणं सोपं आहे. तुम्हाला तो नको आहे, हे मुलाला सांगितलंत?"

"नाही. तो रागावेल."

"रागावेल. चार दिवस बोलणार नाही. मग बोलेल." रिक्षा दारात उभी होती, हंसाबेनला महिन्याच्या तपासणीला न्यायचं होतं, आणि ती आत बसून "उर्मिलाबेन, चालो" म्हणून पुकारत होती. उर्मिलाबाई रिक्षात चढता चढता परुळेकरांकडे वळल्या. "आधी त्याला तोंडावर सांगा. जमत नसेल तर रविवारी मला बोलवा. मी येऊन तुमच्या शेजारी बसते. पण सांगायचं तुम्हीच."

रिक्षा निघाली. परुळेकर मास्तर तिथेच गेटवर खिशातून फोन काढून, 'रविवारी ये' म्हणायला मुलाचा नंबर शोधायला लागले.